उंची वस्त्र

मराठीनं ‘उंची’ या एका शब्दात दोन अर्थ कोंबले आहेत आणि माझ्या आईची पैठणी त्या दोन्हींवर हक्क सांगते. ती उंची आहे, म्हणजे महाग. आणि तिला उंची लागते, म्हणजे नेसणारीची. आई पाच फूट पाच इंच होती. मी चार फूट दहा. आईमागे बांगड्या धाकटीकडे गेल्या, पैठणी माझ्याकडे आली, आणि आमची जुंपली.

शांताबाई शेळक्यांच्या कवितेपासून मराठी माणूस पैठणीकडे हळवेपणानंच बघतो. माझं तसं नाही. हिला मी पहिल्यांदा अंगाला लावून आरशासमोर उभी राहिले तेव्हा मला गहिवर आला नाही, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती आठवला. नाशकात पावसाळ्यात गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की कोणी क्युसेकचे आकडे विचारत नाही. ‘मारुतीच्या कुठवर आलंय?’ एवढंच विचारतात. पावलांना, गुडघ्यांना, कमरेला. आमच्या हिचा जरीचा काठ दहा इंची. आईच्या पायांशी तो लाटेसारखा शोभायचा. माझ्या पोटऱ्या बुडाल्या होत्या, आणि पाणी चढतंय असं वाटत होतं.

रंग वांगी, पण एका जागी ठरत नाही. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, म्हणून उजेड फिरला की तीही फिरते. याला धूपछाँव म्हणतात. काठात मुनिया, म्हणजे पोपट, चोचीला चोच लावून ओळीनं बसलेले. पदरावर मोर. येवल्याच्या मागावर ती विणली गेली. पैठणची कला येवल्यात कशी आली याची हकीकत तिथले विणकर रघोजी नाईकांपासून सुरू करतात. त्यांनी पैठणचे कारागीर बोलावून गावात वसवले म्हणतात. पैठणही गोदावरीकाठचं आणि नाशिकही, त्यामुळे बाईसाहेबांना आमच्याकडे माहेरपणाला आल्यासारखं वाटत असावं. वागतातही तशाच.

तिच्या स्वभावातली एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. मागे एक, पुढे एक असं तिच्यात नाही. पदरावरच्या मोराला जितके रंग तितक्या वेगळ्या कांड्या, आणि प्रत्येक धागा शेजारच्यात गुंतवून परत फिरवलेला. म्हणून पदर उलटला तरी मोर मोरच राहतो. स्वस्त, यंत्रावरच्या पैठण्यांच्या पाठीला धाग्यांचा जो गुंता लोंबत असतो, तो हिला नाही. अशा सरळ माणसांशी जमवून घेणं किती अवघड, हे ज्यांच्या घरात एखादी आत्या आहे त्यांना सांगायला नको.

आता भांडणाचं मूळ. साडी कुणाचीच उंची विचारत नाही. तिचा पन्हा ठरलेला. हिचा सेहेचाळीस इंच. कमरेपासून जमिनीपर्यंत आईला एकेचाळीस इंच लागायची, म्हणजे पाच इंच आत खोचले की झालं. मला लागते छत्तीस. दहा इंच आत. आणि वरचा काठही नेमका दहा इंच! म्हणजे तिचा तो सगळा कडक जरीकाठ, पोपटांसकट, माझ्या कमरेभोवती गुंडाळला जाणार. वर फुगवटा, खाली पूर. मधल्या सव्वीस इंचांत मी.

कुर्ता असता तर कापून आखूड केला असता. हिला कात्री लावायचा विचार मनात आला, नाही असं नाही. पण तिनं कपाटातून माझ्याकडे असं पाहिलं की मी कात्री खरोखर दुसऱ्या खोलीत ठेवून आले.

शेवटी गल्लीतल्या फॉल-पिकोवाल्या काकूंकडे तिला घेऊन गेले. काकूंनी आधी पैठणीला नमस्कार केला, मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही.

“सँडल आणलीस का?” त्यांनी विचारलं.

“नेसायला शिकायचंय, काकू. चालायला नाही.”

“अगं, आधी सँडल, मग साडी. टाच दोन इंच, म्हणजे खोचायचं दोन इंच कमी. आणि काठ पार जमिनीला टेकला पाहिजे. टाच दिसली की लोकांना कळतं तू कुठनं सुरू झालीस ते.”

पुढचा तासभर काकू आणि पैठणी यांच्यात गेला. मी फक्त उभी होते. परकर बेंबीच्या वर बांधला, कारण कंबर जिथं दिसते तिथून पाय मोजले जातात. दोन फुगवटे मागे सरकवून पोट सपाट केलं. निऱ्या रुंद घेतल्या असत्या तर समोर पडदा लागला असता, म्हणून चार-चार बोटांच्या, एकावर एक बसवलेल्या. पैठणी हे सहजासहजी करू देत नाही. कडक रेशीम, एक निरी बसवली की दुसरी उठते, जशी पंगतीत मानाची माणसं उठतात. काकूंनी तिला पिनेनं नव्हे, तळहातानं वळवलं, वरून खाली, परत वरून खाली, घोड्याच्या पाठीवरून हात फिरवावा तसा.

पदराशी मात्र खरी कुस्ती झाली. हिला पदर मोकळा हातावर टाकून हवा होता, सगळे मोर दिसतील असा. आईनं तो तसाच मिरवला. माझ्या हातावर तो टाकला तर खांद्यापासून मनगटापर्यंत मीच दिसेनाशी होत होते. काकूंनी त्याच्या बारीक चुण्या घालून खांद्यावर लावला, काठ चार बोटंच बाहेर ठेवला, आणि मागचं टोक पार पोटऱ्यांपर्यंत लांब सोडलं. अंगावर खांद्यापासून खाली एक सरळ रेघ उभी राहिली. मोर चुण्यांत गेले. पैठणी सरसरली, म्हणजे कुरकुरली.

मी त्या दिवसांत बरंच वाचून ठेवलं होतं, तेही काकूंना ऐकवलं. हेल्महोल्त्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात दाखवलं होतं की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उलट उंच आणि अरुंद दिसतो. २०११ साली यॉर्क विद्यापीठातल्या दोघांनी तेच कपड्यांवर तपासलं, आणि आडव्या पट्ट्यांनी बाई जाड दिसते या समजाला काही आधार मिळाला नाही. तेव्हा आडव्या काठाला एवढं घाबरायचं कशाला?

काकूंच्या तोंडात टाचणी होती. ती काढून म्हणाल्या, “पट्टे निराळे, काठ निराळा. पट्ट्यांवरनं नजर शिडीसारखी वर चढते. काठाशी येऊन ती बसते.” मला यावर हेल्महोल्त्झकडे काही सापडलं नाही.

ब्लाउजचं बाकी त्यांनी एका वाक्यात उरकलं. आईचा सोनेरी, काठाच्या रंगाचा, कोपरापर्यंतचा ब्लाउज बाजूला काढला आणि वांगी रंगाचा, आखूड बाहीचा शिवायला सांगितला. रंग बदलला की माणूस मधोमध तुटतो म्हणाल्या.

भारतीय बाईची सरासरी उंची साधारण १५२ सेंटिमीटर आहे, पाच फुटांच्या आसपास. म्हणजे मी फक्त दोन इंचांनी मागे. तरी लग्नांत मला ‘ठेंगणी-ठुसकी’ म्हणून कौतुकानं जवळ ओढणाऱ्यांची कधी टंचाई पडलेली नाही, आणि त्यातल्या निम्म्या माझ्याच उंचीच्या असतात.

गंगापूर रोडच्या लॉन्सवर मामेभावाचं लग्न झालं, त्यात आम्ही दोघी पहिल्यांदा एकत्र बाहेर पडलो. ग्रुप फोटोच्या वेळी फोटोग्राफरनं सवयीनं मला पुढच्या रांगेत बोलावलं, मग थांबला, आणि हातानं ‘मागे, मागे’ केलं. दुसऱ्या रांगेत! जन्मात पहिल्यांदा. मी मागे गेले. पुढच्या रांगेतल्या पाच फूट सात इंची वहिनीचा अंबाडा आमच्या समोर आला. फोटोत पैठणीच्या खांद्यावरची चार बोटं जर दिसते, आणि तिच्यावर माझं अर्धं कपाळ.

परतताना लॉन्सच्या ओल्या गवतावर सँडल काढली. काढताक्षणी दोन इंच पाणी वाढलं, काठ पायात आला आणि मी पार्किंगपर्यंत पैठणी दोन्ही हातांनी उचलून धरून चालले. इतका वेळ ती मला सावरत होती, आता मी तिला.

जरीचे काठ एकाच घडीवर राहिले तर तिथंच चिरतात, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून नव्यानं घालायची, आणि मलमलीत गुंडाळायची. आईनं तिची जागा ठरवून ठेवली आहे, कपाटाची सगळ्यात वरची फळी, आणि ती बदलायला मला धीर होत नाही. घडी घातलेली पैठणी माझ्या दोन तळहातांवर मावते. मी ती डोक्यावर धरते आणि स्टूल आणायला सांगते.