इस्टील, सटील, ष्टील

भिलाईत वाढलेल्या एका मराठी मुलीच्या कानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी पडायचा. विदर्भातून नोकरीला आलेले बाबा ‘ष्टील’ म्हणत. शेजारचे पंजाबी काका ‘सटील पिलांट’ला ड्यूटीवर जात. छत्तीसगढी दूधवाला ‘इस्टील’चं माप बुडवून दूध घाली. शाळेत मात्र एका दमात ‘स्टील’ म्हणावं लागे. इ जोडली की वर्गात हशा.

नागपूरचे नातेवाईक वेगळंच विचारायचे : तुम्हाला ताटंवाट्या फुकट मिळतात का हो? भिलाईत रूळ आणि जाड प्लेटा होतात, स्टेनलेस तिकडे तमिळनाडूत सेलमला, हे आई दर दिवाळीला समजावून सांगे.

पुढे भाषाशास्त्र शिकताना तिला त्या हशाचं नवल वाटू लागलं. इंग्रजी शब्द एका अक्षराचा, पण सुरुवातीलाच स् आणि ट् एकमेकांना चिकटलेले. ही जोडी कुणी पुढे इ लावून सैल करतं, इस्-टील. कुणी मधे अ घालून फोडतं, स-टील. बाबा जोडी मोडत नसत, पण ट म्हणायला जीभ वर वळते ती आधीच्या स्‌लाही वळवते, म्हणून ष्टील. ‘कष्ट’, ‘अष्ट’मध्येही ट च्या आधी ष् च येतो. संस्कृतातल्या स्त्रीची प्राकृतात ‘इत्थी’ झाली, मराठीत ‘अस्तुरी’. लॅटिन ‘स्कोला’चं स्पॅनिश लोकांनी ‘एस्कुएला’ केलं. त्यांना कोण हसतं?

आणि हा शब्द मुळात आला कुठून? ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. ती उभारायला आलेले रशियन इंजिनियर पोलादाला ‘स्ताल’ म्हणत. ‘स्टालिन’ हे टोपणनाव त्यातलंच, आणि ‘स्ताल’ हा शब्द जर्मन ‘श्टाल’वरून घेतलेला. इंग्रजी ‘स्टील’ त्याच घराण्यातलं. मूळ अर्थ घट्ट, न हटणारं. काही अभ्यासक त्याचं नातं प्रतिकार करणे या अर्थाच्या संस्कृत धातूशी जोडतात. धातुपाठात तो ‘ष्टक’ असा नोंदलाय. म्हणजे ष्ट! बाबांना हे कळलं असतं तर कॉलर ताठ झाली असती.

आता ती स्वतः शिकवते. इंग्रजीच्या तासाला ‘स्टील’ हाच उच्चार ती घोटून घेते, त्यात सूट नाही. पण ‘इस्टील’ला गावंढळ म्हणणाऱ्यांना तिचं एकच सांगणं : आधी ‘अस्तुरी’ला गावंढळ म्हणून दाखवा.