आंबटाला वेळ द्यावा

कुडाळच्या बाजारात बिंबलं विकणारी बाई गिऱ्हाइकाला सांगत होती, "खावक नको तर तांबी घासूक व्हरा." गिऱ्हाईक हसलं आणि पिशवीभर घेऊन गेलं. मी तिथेच घुटमळलो, कारण मला इंडियानापोलिसचा जॉर्ज हॉफमन आठवला. रुबार्बची आंबट देठं शिजवल्यावर भांडं लख्ख झालेलं त्याने पाहिलं, असं सांगतात. 1882 मध्ये त्याने भांडी उजळायची पूड बाजारात आणली. 'बार कीपर्स फ्रेंड' या नावाने ती अजून खपते. रुबार्बात ऑक्झॅलिक आम्ल, बिंबल्यातही तेच. आपलं बिंबलं मात्र टोपलीतच राहिलं.

आमच्याकडे बिंबलं लागायची ती बंबासाठी. नरकचतुर्दशीच्या आदल्या दुपारी बंब न्हाणीतून अंगणात यायचा. तांबं धुराने काळवंडलेलं, तोटीच्या सांध्यात हिरवं किटण. आजी बिंबलं दगडावर ठेचायची, मूठभर खडेमीठ घालायची आणि तो लगदा बंबाला थापून सरळ चहा करायला निघून जायची. आम्हा पोरांचे हात शिवशिवायचे. एखाद्याने काथ्या उचललाच तर आतून आवाज यायचा, "हात लावू नको रे, त्याला खाऊ दे!" आंबटाला काळं खायला वेळ द्यायचा, हे तिचं शास्त्र. चहा, पान, शेजारणीशी फराळाची चौकशी, एवढं सगळं झाल्यावर ती बाहेर यायची आणि नुसत्या हाताने लगदा पुसायची. खालून तांबं नुकत्याच न्हाऊ घातलेल्या पोरासारखं गुलाबी निघायचं. मग बंबाच्याच पोटातली, फडक्याने चाळलेली राख. ती आधी बिंबल्यात मिसळायची नाही, आंबट मरतं. धुऊन लगेच कोरडं पुसायचं, नाहीतर पाण्याचे ठिपके उठतात. संध्याकाळी त्या बंबाला झेंडूची माळ चढायची आणि पहाटेच्या अभ्यंगासाठी काठोकाठ पाणी भरलं जायचं.

हल्ली सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढायची टूम आहे. बघायला मजा येते खरी, पण दोघं एकमेकांनाच संपवतात. राख वेगळी ठेवणाऱ्या बाईला हे कुणी शिकवलं नव्हतं.

स्टीलच्या पातेल्यात दूध करपलं तर तिथे आंबटाचं फारसं चालत नाही. पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून उकळी आणावी, रात्रभर तसंच ठेवावं. सकाळी लाकडी उलथन्याने खरपुडी सुटते. अॅल्युमिनियमला मात्र सोडा दाखवू नये, ते काळं पडतं. तो टोप चिंचेच्या पाण्याने किंवा आमसुलांनी उजळतो. लोखंडी तव्याचा काळेपणा तर घालवूच नये, त्याच्यावरच घावन सुटतं. आणि तारेची घासणी मला मुळातच आवडत नाही. डागाबरोबर ती भांड्यालाही ओरबाडते, आणि पुढच्या वेळी दूध नेमकं त्याच ओरखड्यात लागतं.

पितळेचं प्रकरण नाजूक. आंबट जास्त वेळ राहिलं तर पितळेतलं जस्त आधी निघून जातं आणि तांबं मागे उरतं. नात्यातल्या एका काकूंच्या समईवर रात्रभर राहिलेल्या लिंबाच्या फोडीचा असा गुलाबी ठसा आहे. पाहुण्यांना तो कुंकवाचा वाटतो आणि काकू त्यांना तसंच वाटू देतात.