मागचा डावा पाय

धुळीत वाघाचा ठसा दिसला की बाबा लगेच वाकत नसत. आधी ऊन कुठून येतंय ते बघत. कोवळ्या तिरप्या उन्हात ठशाच्या कडा सावली धरतात. ऊन डोक्यावर आलं की तोच ठसा सपाट दिसतो. मग मागच्या डाव्या पायाचा ठसा शोधून त्यावर काच धरायची, रेषा उतरवून घ्यायची. चौकोनात बसला तर नर, आयतात बसला तर मादी. 1974 साली मेळघाटात व्याघ्रप्रकल्प झाला, तेव्हा बाबा तिथे नवखे वनरक्षक होते.

वनाधिकारी सरोज राज चौधरींनी ओडिशात घडवलेली वाघ मोजण्याची ही पद्धत पुढे देशभर चालली. पण एकाच वाघाचा पंजा वाळूत वेगळा उमटतो, चिखलात वेगळा. काच धरणारे हातही वेगळे. मोजणीत वाघ दिसत असलेल्या राजस्थानातल्या सारिस्कात ते उरलेच नाहीत हे 2005 मध्ये उघड झालं आणि 2006 च्या गणनेपासून कॅमेरे आले. बाबांनी उतरवलेले ठसे मी नागपूरच्या घरी जपून ठेवले आहेत, तरी म्हणतो, ती पद्धत गेली ते योग्यच झालं.

माग काढणं मात्र संपलं नाही. दर चार वर्षांच्या गणनेचा पहिला टप्पा आजही पायीच होतो. त्यासाठी मी स्वयंसेवक म्हणून परतवाड्यावरून घाट चढून मेळघाटात जातो. सेमाडोहच्या आत फोन मुका होतो. सोबतचा कोरकू वनमजूर पुढे चालतो, आम्ही बोलत नाही.

आमच्या शाळेसाठी आई नागपुरात राहिली. बाबा अधूनमधून येत, अंगाला धुराचा वास, तोंडात शब्द मोजकेच. त्या अबोल्याचा मला फार राग यायचा. आता चौकीत रात्र काढतो तेव्हा उमगतं, दिवसभर कान लावून चालणाऱ्याला संध्याकाळी बोलायची ओढच उरत नाही.

अरण्यलेखक मारुती चितमपल्लींना रान आधी आईनं आणि लिंबामामांनी दाखवलं. वनखात्याची नोकरी नंतरची. मला बाबांनी समजावून असं काही सांगितलं नाही. सुटीत ते पुढे चालायचे, मी मागे. ते थांबले की मी थांबायचो आणि का थांबले ते शोधायचो.

त्या वनमजुराचा मुलगा आता कॅमेरे लावतो. कोणत्या वाटेवर, कोणत्या झाडाला बांधायचा, हे तो माग बघूनच ठरवतो. कुणी शिकवलं, विचारलं तर त्यानं पुढे चालणाऱ्या बापाकडे बोट केलं.