दुसऱ्याच्या गादीवर

आमच्या अनसिंगच्या दुकानाचा एक शिरस्ता आहे. नवखा व्यापारी उधारीवर माल मागू लागला, की त्याच्या गावातील दोन पेढ्यांवर चौकशी केल्याशिवाय व्यवहार होत नाही. वडिलांनी घालून दिलेला हा नियम मी तीस वर्षे पाळला आणि गेल्या दिवाळीनंतर दहा मिनिटांत मोडला.

मातोश्रींना यात्रेस जायचे होते. गुडघे साथ देत नाहीत, म्हणून धर्मशाळेत तळमजल्याची खोली हवी होती. मोबाईलवर धर्मशाळेचे नाव शोधताच वरच्याच ओळीत खोली-नोंदणीचे पान आले. पत्ता मात्र दूरच्या राज्यातील एका महाविद्यालयाचा! त्याचा इथे काय संबंध, हा प्रश्न मनात डोकावला. पण शिक्षणसंस्थेचे नाव पाहून उलट विश्वासच बसला. फोनवरील गृहस्थ ‘जय जिनेंद्र’ म्हणाले, मातोश्रींच्या गुडघ्यांची आस्थेने विचारपूसही केली. मी ३,४०० रुपये पाठवले. पावती निघत नाही म्हणून त्यांनी तेवढेच पुन्हा मागितले, तेव्हा सूनबाईंनी माझ्या हातून मोबाईल काढून घेतला आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली.

संगणकाचे शिक्षण घेतलेल्या भाच्याने पुढे सारे उलगडून सांगितले. गूगलसारखी शोधयंत्रे जुन्या, नामांकित संकेतस्थळांना अधिक मान देतात. नव्या संकेतस्थळाला तो मान मिळण्यास काळ लागतो. म्हणून हे ठग, ज्यांची देखभाल थांबली आहे अशा जुन्या संकेतस्थळांत शिरून आपली पाने दडवतात. शोधातून येणाऱ्याला ती दिसतात. मालक थेट आपले मुखपृष्ठ उघडतो, त्याला सारे जागच्या जागी दिसते. मे २०२४ मध्ये गोवा, बिहार, कर्नाटक आदी राज्यांच्या शासकीय पत्त्यांवरील सुमारे चार डझन दुवे वाचकाला सट्ट्याच्या संकेतस्थळांकडे नेत असल्याचे उघडकीस आले होते. त्यांत पोलीस खात्याचेही पत्ते होते! व्यापारी भाषेत सांगायचे, तर ही नकली पाटी नव्हे. दुसऱ्याच्या पेढीत मागल्या दाराने शिरून त्याच्याच गादीवर बसून पावत्या फाडणे आहे. पत त्याची, गल्ला यांचा.

यात्रेकरूंवर या मंडळींचा विशेष डोळा असतो. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने केदारनाथचे हेलिकॉप्टर आणि सोमनाथची अतिथिगृहे यांच्या बनावट नोंदणीबाबत सावध केले होते. ते मी वर्तमानपत्रात वाचले होते, हे सांगताना संकोच वाटतो.

मातोश्री रागावल्या नाहीत. “मागच्या यात्रेची पावती माझ्या पेटीत आहे,” एवढेच म्हणाल्या. तिच्यावरील क्रमांकावर मुनीमजी भेटले आणि खोली मिळाली.

त्या महाविद्यालयालाही मी फोन केला. तेथील लिपिक सौजन्याने म्हणाले, “आमचे संकेतस्थळ आत्ता माझ्यासमोरच उघडे आहे. त्यात असे काहीही नाही.” मी पुन्हा शोधून पाहिले. धर्मशाळेचे ते पान वरच्याच ओळीत होते.