भटारखान्यातले जोडे

आमच्या शिराळ्यात पायाला जपायचं म्हटलं की लोकांना आधी साप आठवतो. नागपंचमीचं गाव, त्यामुळे ते साहजिकच आहे. पावसाळ्यात रानात जाताना गमबूट घालावेत हे इथं सगळ्यांना पटलेलं आहे, घालणारे थोडे असले तरी. पण हॉटेलात दिवसाचे बारा-चौदा तास ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या पायात काय आहे, हे बघायची सवय कुणालाच नाही. आम्हालाही नव्हती, आणि हॉटेल आमचं आहे.

हॉटेल म्हणजे चहा, मिसळ, भजी, वडा. अब्बांनी सुरू केलं तेव्हा खाली शहाबादी फरशी होती. काळपट, खडबडीत, दिसायला काही नाही. पण पाणी सांडलं तरी पाय धरून ठेवायची. वस्ताद तिच्यावर अनवाणी उभा राहायचा, पोरं स्लिपर घालून फिरायची. २०१७ साली मी हौसेनं ती उखडून चकचकीत टाइल्स बसवल्या. गिऱ्हाइकांनी वाखाणलं, अब्बांनी 'तुझं तू बघ' म्हटलं. पोरं घसरायला लागली, तेव्हा मी त्यांनाच 'बघून चाला' म्हणायचो.

२०१८ साली नागपंचमी आणि १५ ऑगस्ट एकाच दिवशी आले. त्या दिवशी हिंदू घरांत चिरत नाहीत, तवा चढवत नाहीत, तळण काढत नाहीत. पण बाहेरगावच्या माणसाला भजी लागतातच. कोर्टाच्या आदेशानंतर जिवंत नागांचे खेळ थांबले असले तरी गर्दी कमी म्हणून नव्हती. सकाळपासून पाऊस. गिऱ्हाइकांच्या पायांनी चिखल आत आला होता, कढईभोवती तेलाचा थर होता आणि मोरीचं पाणी दारापर्यंत पोचलं होतं. आमच्याकडचा एकोणीस वर्षांचा पोरगा मिसळीच्या कटाचं पातेलं घेऊन भट्टीकडून पुढं यायला निघाला. झिजून गुळगुळीत झालेली स्लिपर सरकली, पट्टा निसटला आणि पातेलं त्याच्या डाव्या पायावर आलं.

कुणी टूथपेस्ट आणली, कुणी हळद. वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं पाय धरायला हवा होता, हे आम्हाला दवाखान्यात गेल्यावर कळलं. अडीच महिने तो घरी होता. खर्च आम्ही केला, पगारही दिला, आणि गावात आमचं कौतुक झालं. ते कौतुक मला अजून टोचतं. त्या दिवशी माझ्या पायात चांगले बूट होते.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अबू जर यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. तुमच्या हाताखालचे लोक तुमचे भाऊ आहेत. आपण जे खातो ते त्यांना खाऊ घालावं, जे नेसतो ते नेसवावं, झेपणार नाही असं काम लादू नये, असा तिचा आशय. जुम्म्याच्या बयानात मी ती लहानपणापासून ऐकलेली. आमच्या हॉटेलात खाण्याचा भाग पाळला जायचा, पोरं पोटभर जेवायची. नेसण्यात पाय धरायचे असतात, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

कायद्यातही ते आहे. गल्ल्यामागं फ्रेम करून लावलेला अन्नसुरक्षेचा परवाना आहे ना, त्याच्या २०११ च्या नियमांतलं चौथं परिशिष्ट वाचा. परवानाधारकानं अन्न हाताळणाऱ्यांना स्वच्छ कपडे, डोक्याचं आवरण, हातमोजे यांच्यासोबत पादत्राणंही पुरवायची आहेत. नियम प्रामुख्यानं स्वच्छतेसाठी आहे, पण 'पुरवायची' हा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडे झारा मालकाचा, कढई मालकाची आणि चप्पल मात्र नोकराची, असा हिशोब असतो.

मी बूट आणायचं ठरवलं तेव्हा पहिला विरोध अब्बांचा. "खाने के पास जूते लेको जाते क्या रे?" वस्तादाचंही तेच. तो माळकरी, भट्टी पेटवण्याआधी हात जोडणारा. "मालक, अन्नापाशी पायताण न्हाई जमायचं." आता याला काय म्हणणार? घरात आपण कुणीच चुलीपर्यंत चपला नेत नाही. सूरह ताहामध्ये हजरत मूसांना तुवाच्या खोऱ्यात जोडे काढायला सांगितल्याचं आहेच. दुसरीकडे रसूलुल्लाह पायांत जोडे असताना नमाज पढल्याची हदीसही आहे. अब्बांशी वाद घालण्यात दोन आठवडे गेले. शेवटी तोडगा निघाला तो साधाच: हे जोडे भटारखान्याच्या बाहेर जाणारच नाहीत. मागच्या दाराशी फळी ठोकली. बाहेरची चप्पल तिथं काढायची, आतला जोडा चढवायचा. रस्त्याची घाण आत येत नाही म्हटल्यावर अब्बा गप्प झाले. वस्तादानं आणखी महिनाभर घेतला.

मग निवड, आणि तिथं मी सपशेल चुकलो. कोल्हापूरला जाऊन कारखान्यातले सेफ्टी शूज आणले. आयएस १५२९८ भाग २ चा शिक्का असलेले, पुढं पोलादी टोपी, २०० ज्यूलचा मार सोसणारे. फाउंड्रीत ते हवेतच. आमच्याकडे पायावर लोखंड पडत नाही, गरम तेल पडतं. चार दिवसांत पोरांनी ते जड बूट काढून ठेवले. त्याच मानकाचा भाग ४ टोपी नसलेल्या, कामावर घालायच्या पादत्राणांसाठी आहे, हे मला नंतर समजलं. दुसऱ्या खेपेला स्वस्तातले जाळीचे स्पोर्ट शूज घेतले. हलके, पोरं खूश. पण जाळीतून तेल आत जातं, आणि गरम तेलानं भिजलेला मोजा पायाला चिकटून भाजत राहतो. वरून भोकं असलेल्या रबरी जोड्यांचंही तेच.

तिसऱ्या वेळी डोकं वापरलं. वरून पूर्ण बंद, धुता येईल असा जोडा; टाच झाकलेली, म्हणजे घाईत पाय बाहेर निसटत नाही; आणि नाडी नाही. नाडी नको याचं खरं कारण भाजणं: आत काही गरम गेलंच, तर जोडा एका झटक्यात काढता आला पाहिजे. तळ रबराचा, त्यातही तेलाला टिकणाऱ्या नायट्राइल रबराचा मिळाला तर उत्तम. खाली बारीक, एकमेकांना जोडलेल्या खाचा, ज्यांतून पाणी आणि तेल बाजूला निघतं. फार मोठ्या खाचांत कांद्याची सालं आणि कणीक अडकून तळ सपाट होतो. काही जोड्यांवर एसआरसी ही जुनी युरोपीय खूण दिसते. साबणाच्या पाण्यानं ओल्या टाइलवर आणि ग्लिसरीन लावलेल्या पोलादावर, अशा दोन्ही चाचण्यांत तो तळ टिकला, असा तिचा अर्थ. माप घ्यायचं ते संध्याकाळी. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असतात, सकाळी बसलेला जोडा रात्री चावतो.

अब्बांच्या पायात कायम कोल्हापुरी. २०१९ साली तिला जीआय मिळालं, त्या जिल्ह्यांत आपला सांगलीही आहे, आणि २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानच्या शोनंतर तर सगळं जग तिच्यावर बोललं. गल्ल्यावर बसणाऱ्याला ती शोभते. ओल्या टाइलवर मात्र चामड्याच्या तळाची ती वहाण घालून कुणी पाऊल टाकू नये. अब्बांना हे अजून मान्य नाही.

नाडी नसल्याचा फायदा नमाजी पोरांना वेगळाच झाला. वजूला पाय घोट्यापर्यंत धुवायचे. चामडी मोजे असतील तर मुकीम माणसाला एक दिवस-रात्र मसहची सवलत आहे, पण आमच्याकडचे हनफी उलेमा पातळ सुती मोज्यांवर मसह धरत नाहीत. म्हणजे ड्यूटीत दोन-तीनदा जोडा काढणं आलंच. अडचण पुढची: बोटांत करंगळी फिरवून खिलाल करायचा आणि तसाच ओला पाय मोज्यात घालायचा. पहिल्याच पावसाळ्यात दोघांना चिखल्या झाल्या. आता मोरीजवळ पाय पुसायचा वेगळा पंचा टांगलेला असतो आणि प्रत्येकाला मोज्यांचे तीन जोड. चिखल्या वस्तादालाही झाल्या होत्या, तो काही वजू करत नाही.

जोड्यांनी सगळं भागतं असंही नाही. फरशीवर तेलाचा थर तसाच ठेवून नुसतं ओलं फडकं फिरवलं की तेल पसरतं, मग कुठलाही तळ घसरतो. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून घासावं लागतं, दुपारी एकदा आणि रात्री एकदा. उभं राहून वस्तादाच्या पोटऱ्यांच्या शिरा फुगल्यात, त्यावर जोडा काय करणार? केरळनं २०१८ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसण्याची सोय देणं कायद्यानं बंधनकारक केलं. आम्ही भट्टीपाशी एक उंच स्टूल ठेवलंय. वस्ताद त्यावर कांद्याची पाटी ठेवतो.

ज्याचा पाय भाजला तो पोरगा आता पुण्यात एका हॉटेलात आहे. ईदला फोन करतो. मागच्या खेपेला मी विचारलं, पायात काय घालतोस रे? "स्लिपरच की, चाचा," म्हणाला. त्याला एक जोडी पाठवली. तिथं आत घालू देतात का, हे अजून विचारलेलं नाही.

आमच्याकडच्या जोड्यांचे तळ वर्षभरात झिजतात. टाचेखालच्या खाचा दिसेनाशा झाल्या की बदलायचे. गेल्या आठवड्यात नवीन यादी करायला बसलो. नव्यानं लागलेल्या पोराला नंबर विचारला, तर त्याला माहीतच नव्हता. आजवर बाजारात नजरेनंच चप्पल घेतलेली. रात्री हॉटेल बंद झाल्यावर त्याला गल्ल्यापाशी बोलावलं, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि पाय ठेव म्हटलं. तो लाजून मागं सरकला. मग अब्बाच खाली वाकले आणि पेन्सिल घेऊन त्याच्या पायाभोवती रेघ ओढायला लागले.