पाठमोरा खर्ज

आमच्या चिरंजीवांनीं आपल्या चिमुकल्या हॅचबॅक गाडींत सबवूफर, म्हणजे केवळ खर्ज घुमविणारी पेटी, बसवावयाचें ठरविलें. आणि तिचें तोंड कोणीकडे असावें यावर घरांत दोन पक्ष पडले. ऐकणारे पुढें बसतात, तेव्हां तोंडही पुढेंच हवें, हा त्यांच्या मातोश्रींचा सरळ न्याय. चिरंजीव म्हणाले, मागें.

खर्जाचा न्यायच निराळा! सेकंदास ४० आंदोलनांच्या सुराची लाट सुमारें ८.५ मीटर लांब. गाडी ४ मीटरांच्या आंतली. तेथें त्या सुराची दिशा कानाला उमगतच नाहीं. पेटी पुढें तोंड करून ठेवली, तर थेट आलेला सूर आणि डिकीच्या दारावरून उलटून मागाहून आलेला सूर कांहीं ठिकाणीं एकमेकांना मारतात. दाराजवळ, दाराकडेच तोंड केलें, म्हणजे दोन्ही जवळजवळ बरोबरच निघतात. पोर्ट, म्हणजे पेटींतील हवेची वाट, हीहि तिकडेच असावी. मात्र तिच्यापुढें तिच्या रुंदीइतकी तरी जागा मोकळी हवी, नाहींतर सूर गुदमरतो. शेवटचा निवाडा अर्थात् कानाचा.

माझ्या वडिलांनीं माझें कौतुक माझ्या तोंडावर कधींच केलें नाहीं. शेजाऱ्यांपाशीं मात्र ते भरभरून बोलत, आणि तें भिंतीवरून उलटून माझ्या कानीं येई. अजूनहि तें घुमतें.

मीं पाठमोऱ्या पेटीला मत दिलें. चिरंजीवांच्या निवडीचें कौतुक मात्र त्यांच्या आईपाशींच केलें.