अडलेला स्क्रू

घरातील एखादी वस्तू अडगळीत पडते, तेव्हा तिचे यंत्र बिघडलेलेच असते असे नाही. चष्म्याच्या दांडीतील किंवा लॅपटॉपच्या पाठीवरील, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असा एखादा स्क्रू निघत नाही, एवढेच निमित्त पुरते. चष्मा दुरुस्तीस गेला की वृद्धांचे वाचन थांबते, ते वेगळेच. स्क्रू अडतो गंजाने; पण त्याचे डोके झिजते ते आपल्या उतावळेपणाने, असे आम्हांस वाटते.

पूर्वी स्क्रूस एकच आडवी खाच असे. अमेरिकेतील हेन्री फिलिप्स यांस फुलीसारख्या खाचेची पेटंटे १९३६ साली मिळाली आणि ती खाच पुढे सर्वत्र पसरली. तिच्या भिंती तळाकडे निमुळत्या असतात. म्हणून दाब कमी पडताच पेचकस वर चढतो आणि प्रत्येक घसरणीसरशी खाच झिजते. जपानी कॅमेऱ्यांतील फुली दिसावयास तशीच, परंतु तिची घडण निराळी. स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका दिसल्यास जपानी घडणीचाच पेचकस घ्यावा.

पहिल्याच घसरणीस हात थांबवावा. खाचेतील मळ सुईने काढावा आणि घट्ट बसणारा पेचकस निवडावा. दाबण्यास जोर पुष्कळ, फिरवण्यास थोडा, हे प्रमाण सांभाळावे. प्रथम आवळण्याच्या दिशेने किंचित फिरवून मग उलट फिरवावे, म्हणजे गंजाची पकड सुटते. शिवणयंत्रासारख्या वस्तूत गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर वाट पाहावी. लॅपटॉपमध्ये मात्र तेल नको. तेथे आट्यांना पुष्कळदा चिकटद्रव्य लावलेले असते. सोल्डरिंगचे तापलेले टोक स्क्रूच्या डोक्यास क्षणभर टेकवले की ते मऊ पडते. मात्र बॅटरी व प्लास्टिक यांच्याजवळ ही उष्णता नेऊ नये. तेल लावलेल्या ठिकाणी तर मुळीच नाही.

खाच गुळगुळीत झालीच, तर रुंद रबरबँडचा तुकडा मध्ये धरून पाहावे. डोके वर आलेले असल्यास बारीक पकडीने धरावे किंवा त्यावर बारीक करवतीने नवी आडवी खाच पाडावी. ड्रिल हा अखेरचा उपाय.

निघालेला झिजका स्क्रू पुन्हा तेथेच बसवू नये; त्याच मापाचा नवा घालावा. आज आपण मिटलेली वस्तू उद्या दुसऱ्या कोणास उघडावी लागेल, एवढे भान ठेवणे हाही गृहस्थधर्मच आहे.